हळदीचा कागद खायच्या सोड्यात लालभडक का होत नाही? सोडा भेसळीचा आहे का?

राजारामपुरीची आई

नमस्कार. माझी मुलगी सहावीत आहे. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन, त्या दिवशी वर्गात प्रत्येकाने स्वयंपाकघरातल्या वस्तू वापरून एक प्रयोग करून दाखवायचा आहे. तयार किट आणायचं नाही, असं त्यांच्या बाईंनी बजावलंय, आणि मला ते फार आवडलं. तिने हळदीच्या कागदाचा प्रयोग निवडला.

आम्ही काय केलं ते सांगते. हळद थोड्या पाण्यात कालवून ड्रॉइंगच्या कागदावर ब्रशने लावली, पंख्याखाली वाळवली आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या. मग ओट्यावर वाट्या मांडल्या: लिंबाचा रस, व्हिनेगर, ताक, मिठाचं पाणी, खायच्या सोड्याचं पाणी आणि कपड्यांच्या साबणाचं पाणी. साबणाच्या वाटीत पट्टी बुडवली आणि झटकन विटकरी लाल झाली. पोरगी नाचायलाच लागली. पण सोड्याच्या वाटीत पट्टी नुसती नारिंगी झाली, थोडी तपकिरीकडे झुकणारी. तिने व्हिडिओत सोड्यानेच लालभडक झालेली पट्टी बघितली होती, त्यामुळे चेहरा पडला. सोडा लक्ष्मीपुरीतून सुटा आणला होता, म्हणून बंद पुडीतला आणून बघितला. तोच रंग. हळद सांगलीकडच्या नात्यातल्यांच्या शेतातली, गिरणीतून दळून आणलेली, म्हणून तिच्यावर शंका घ्यावीशी वाटत नाही.

आता लेकीने वहीत "निष्कर्ष: सोडा भेसळीचा आहे" असं लिहून टाकलंय. ते खोडायला सांगू की राहू देऊ, हे मला ठरवता येईना. मी कॉमर्सची, मला यातलं शाळेपुरतंच आठवतं.

आणखी दोन शंका. लिंबू, व्हिनेगर, ताक, मीठपाणी या चारही वाट्यांत पट्टी पिवळीच राहते, मग आंबट कुठलं आणि साधं कुठलं हे मुलांना दाखवायचं कसं? आणि सासूबाई म्हणतात, पानाचा चुना घे, खरा लाल रंग तेव्हाच दिसेल. त्यांचं म्हणणं बरोबर असेलही, पण चुना मुलीच्या हातात द्यायला माझं मन धजत नाही.

सागरमाळ बीएस्सी

काकू, वर्गात दाखवायचं असेल तर फुग्याचा प्रयोग करा, सगळ्यांना लांबून दिसतो. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत अर्धी वाटी व्हिनेगर घ्या, फुग्यात एक चमचा खायचा सोडा भरा, फुगा बाटलीच्या तोंडावर ताणून बसवा आणि उभा करा. सोडा खाली पडला की फसफसून फुगा भरतो. चमचाभर म्हणजे ५ ग्रॅम सोड्यातून साधारण १.४ लिटर कार्बन डायऑक्साइड निघू शकतो, त्यासाठी ४ टक्क्यांचं व्हिनेगर ९० मिलीच्या आसपास लागतं. मी शाळेत असताना हाच केला होता, टाळ्याही पडल्या होत्या. हळदीची पट्टी शेवटच्या बाकावरून दिसणार नाही.

रंकाळ्याच्या बाई (निवृत्त, रसायनशास्त्र)

राजारामपुरीच्या ताई, तुमच्या लेकीच्या कागदाने अगदी खरं सांगितलं आहे. सोडा चांगला आहे, हळदही चांगली आहे, आणि तुमच्या वाट्यांमध्ये जे घडलं ते माझ्या दृष्टीने लालभडक पट्टीपेक्षा जास्त मोलाचं आहे. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

हळदीतला पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन. आम्लात आणि साध्या पाण्यात ते पिवळंच राहतं, आम्लारीत, म्हणजे साबण-सोड्यासारख्या आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थात, गेलं की लाल होतं. आता हा बदल दिवा लागावा तसा एका क्षणात होत नाही. सामू, म्हणजे पीएच (सात म्हणजे साधं, त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी), साधारण साडेसातच्या पुढे गेला की रंग हलायला लागतो आणि नऊच्या आसपास पोहोचेपर्यंत पूर्ण लाल होतो. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याच्या पाण्याचा सामू ८.३ च्या आसपास असतो. तुम्ही चमच्याऐवजी वाटीभर सोडा घातलात तरी तो तिथेच घुटमळतो, फारसा वर चढत नाही. म्हणजे कागदावरचं काही कर्क्युमिन लाल झालं, काही पिवळं राहिलं, आणि डोळ्यांना दिसला नारिंगी. कपड्यांच्या साबणाचं पाणी नऊच्या वर असतं, म्हणून तिथे पट्टी झटकन पालटली. पांढऱ्या शर्टावरचा रश्श्याचा डाग साबण लावल्याबरोबर लाल होतो, तोही याच कारणाने.

तेव्हा "सोडा भेसळीचा" हे वाक्य खोडायला लावू नका. त्याच्याखाली तिला लिहू द्या की हे कसं तपासता येईल. आणि तपासायची एक सुंदर वाट घरातच आहे.

खायचा सोडा भाजा. जाड बुडाची स्टीलची कढई किंवा पातेली घ्या, ॲल्युमिनियमची नको, कारण तयार होणारा पदार्थ ओला झाला की ॲल्युमिनियमला खातो. आधी स्वयंपाकाच्या काट्यावर ५० ग्रॅम सोडा मोजून घ्या आणि आकडा मुलीलाच लिहू द्या. मंद आचेवर तुम्ही स्वतः भाजा, तिला हातभर लांब उभं करा. थोड्या वेळाने कोरडी पूड उकळल्यासारखी हलायला लागते, मध्येच पृष्ठभागावर छोटी भोकं पडतात. पाणी नसताना पूड उकळते कशी, हे तिला विचारा आणि लगेच उत्तर देऊ नका. त्या वेळी एखादी थंड स्टीलची ताटली सांडशीने वर धरलीत तर तिच्यावर पाण्याचे थेंब जमतील. सोड्यातून वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे राहतं सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा. हलणं थांबलं की गॅस बंद करा, पूर्ण गार झाल्यावर वजन करा, पुन्हा थोडं भाजा, पुन्हा वजन करा. वजन घटायचं थांबलं म्हणजे काम झालं. ५० ग्रॅमचे साधारण ३१ ते ३२ ग्रॅम उरायला हवेत. हा आकडा मी मनाने देत नाही, रेणूंच्या वजनांवरून तो आधीच काढता येतो: १६८ भागांतून १०६ भाग उरतात. सहावीच्या मुलीला शेकडेवारी येते. तिला हे गणित करू द्या आणि काट्यावर येणारं वजन आधी कागदावर लिहून ठेवायला सांगा.

मग तीन वाट्या. एकीत नुसतं पाणी, दुसरीत कच्चा सोडा, तिसरीत भाजलेला, दोन्ही सारख्याच मापाने, अर्ध्या वाटी पाण्याला अर्धा चमचा. पाणी फिल्टरचं घ्या. बोअरच्या पाण्यात आधीच क्षार असतात, त्यात नुसत्या पाण्यातली पट्टीसुद्धा किंचित रंग धरते आणि तुलना बिघडते. भाजलेल्या सोड्याच्या पाण्याचा सामू अकराच्या आसपास जातो, तिथे पट्टी गडद लाल होईल. पुडी एकच, दोन्ही पूडी दिसायला सारख्याच पांढऱ्या, आणि रंग वेगळे. भेसळीचा प्रश्न तिच्यासमोर तिथल्या तिथे सुटेल.

भाजलेला सोडा खायच्या डब्यात परत टाकू नका. वेगळ्या बरणीत, चिठ्ठी लावून ठेवा. ओल्या हाताने हाताळू नका आणि डोळ्यांपासून लांब.

सागरमाळच्या मुला, तुझा फुगा चांगला आहे आणि आकडे तू नीट काढलेस, फक्त ती अर्धी वाटी म्हणजे भरपूर ९० मिली हवी. पण मी वर्षानुवर्षे प्रदर्शनांची परीक्षक म्हणून बसले आहे. फुगे आणि ज्वालामुखी मी इतके पाहिले की त्यातल्या फार थोड्या मुलांना "बाटली हाताला गार का लागते?" एवढं विचारलेलं मला आठवतं. ती खरंच गार लागते, कारण ही क्रिया भोवतालची उष्णता ओढून घेते. तुझा प्रयोग कोणी करणार असेल तर बाटली हातात धरून करावा, आणि झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत हे मिश्रण कधीही करू नये, ती फुटते. शेवटच्या बाकाचं म्हणशील तर पट्ट्या फळ्यावर चिकटवून मग ब्रशने पाणी लावावं, सगळ्यांना दिसतं.

आता आंबटाची शंका. हळद आंबट आणि साधं यांत फरक करू शकत नाही, तो तिचा स्वभाव नाही. त्यासाठी दुसरा दर्शक, म्हणजे रंग पालटून ओळख पटवणारा पदार्थ, हवा, आणि तो तुमच्या गल्लीत कुणाच्या तरी कुंडीत फुललेला असेल: लाल जास्वंद. पाच-सहा फुलांच्या पाकळ्या कपभर गरम पाण्यात टाकून झाकून ठेवा, रंग उतरला की गाळून घ्या. हे पाणी लिंबात आणि व्हिनेगरात गडद गुलाबी होतं, सोड्यात हिरवट होतं, मीठपाण्यात आहे तसं राहतं. ताक पांढरं असल्याने रंग फिका दिसेल, म्हणून ताकाची वरची निवळ घ्या. गोकर्णाची निळी फुलं मिळाली तर आणखी छान, लिंबाने ती जांभळी-गुलाबी होतात. आमसुलाचं पाणीही वापरता येतं, पण ते स्वतःच आंबट असल्याने थोडा सोडा त्या आंबटपणातच खर्ची पडतो. मुलांचा यात गोंधळ होतो. सुरुवात जास्वंदीने करा.

चुना नको. सासूबाईंचं म्हणणं अगदी खरं आहे, चुन्याच्या निवळीचा सामू बाराच्या वर असतो आणि रंग फार देखणा येतो. पण घरात पापडखार असेल तर तो घ्या. पापडाच्या पिठात जातो तोच. त्यातही कार्बोनेट असतं, पट्टी छान लाल होते, आणि भाजायला वेळ नसेल तर तेवढ्यावरही काम भागतं.

हळदीच्या भेसळीविषयी एकच सांगते. मेटॅनिल यलो नावाचा रंग ओळखायची जी चाचणी पुस्तकात असते, तिला तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं. ती घरी करायची नाही. घरच्या घरी पाहायचंच असेल तर ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद सोडा आणि ढवळू नका. चांगली हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. रंग मिसळलेला असला तर पाणी गडद पिवळं होतं.

राजारामपुरीची आई

बाई, तुमचे आभार कसे मानू! आज दुपारी सोडा भाजला. पूड खरोखर हलायला लागली तेव्हा मुलगी "आई, हे जिवंत आहे का?" म्हणून ओरडली. ताटलीवर थेंबही जमले. वजन ३२ ग्रॅमवर येऊन थांबलं, तिने आधी ३१.५ लिहिलं होतं, त्यामुळे स्वारी जाम खूश आहे. तिन्ही पट्ट्या तुम्ही लिहिल्या तशाच आल्या. वहीतलं जुनं वाक्य तिने खोडलं नाही, खाली "तपासलं, खरं नाही" असं लिहिलंय.

आता तिचे नवे प्रश्न, मी जसेच्या तसे लिहिते. एक, लाल पट्टी संध्याकाळपर्यंत मळकट तपकिरी का झाली? वर्गात दाखवायला जपून ठेवायची होती. दोन, ताज्या लाल पट्टीवर लिंबू पिळलं तर ती परत पिवळी झाली, मग आतलं लाल गेलं कुठे?

आणि तिसरा प्रश्न सासूबाईंचा. त्यांच्या लहानपणी घरी हळदीचं कुंकू करायचे, आणि त्यांना पक्कं आठवतंय की हळकुंडं लिंबाच्या रसात भिजवायचे. त्या म्हणतात, लिंबाने हळद पिवळी राहत असेल तर आमचं कुंकू लाल कसं व्हायचं? मला काहीच सुचलं नाही.

पंचगंगाकाठचा गुऱ्हाळवाला

ताई, बाईंचं सगळं वाचलं, लई बरं वाटलं. हेच काम आमच्याकडं रोज काहिलीत, म्हंजे रस उकळायच्या मोठ्या कढईत, चालतंय म्हणून लिवतोय.

उसाचा ताजा रस जिभेला गोड, पण आतनं आंबटाकडंच असतोय. आमच्या पोरानं कॉलेजातनं कागद आणून बघितला, सामू पाच-साडेपाचच्या मधी आला. तसाच उकळला तर आंबटानं आणि उष्णतेनं साखर फुटती, मग गूळ चिकट हुतोय, ढेप धरत न्हाई. म्हणून चुना. नुसता चुना न्हाई हं, निवळी. आदल्या रात्री बादलीत चुना भिजत घालायचा, सकाळी वरचं निवळलेलं पाणी तेवढं घ्यायचं. रस तापाय लागला की गुळव्या, म्हंजे गूळ करणारा कारागीर, बेतानं घालतोय. कमी पडली तर गूळ बसत न्हाई, जास्त पडली तर काळा पडतोय आन् चवीला पण बिघडतोय. त्यो बेत गुळव्याच्या डोळ्यात असतोय, काटा न्हाई की माप न्हाई. आमचा गुळव्या रसाच्या रंगाकडं बघून सांगतो, आता पुरे.

त्याच वक्ताला रानभेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतो. खोडं ठेचून पाण्यात चोळली की बुळबुळीत पाणी सुटतंय, ते काहिलीत पडलं की रसातली घाण त्याला चिकटून वर येती. ती मळी. झाऱ्यानं काढत राहायची. खाली जाळ घालणारा जळव्या चुलवाणात, म्हंजे भट्टीत, उसाची चिपाडं घालत बसलेला असतोय. शेवटी ११८ अंशाच्या आसपास पाक आला की गुळव्या पाण्यात थेंब टाकून गोळी बघतोय आणि काहिल उतरा म्हणून हाक देतोय.

एक मनापासनं सांगतो. गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ पाहिजे असतोय, म्हणून काहीजण हायड्रॉस नावाचं रसायन घालत्यात. त्यानं रंग उजळतोय, गुळाचा गुण वाढत न्हाई. बिनरसायनाचा गूळ तांबूस-तपकिरी असतोय. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आमाला अभिमान हाय, म्हणून पोरांनी तांबूस गूळ ओळखायला शिकावं असं वाटतंय.

गुऱ्हाळं अजून चालू हायत. तुमच्या लेकीला काहिलीजवळ रसाचं पाणी तपासायचं असलं तर घेऊन या.

डोळ्यांच्या विभागातली सिस्टर

मी सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या विभागात काम करते. चुन्याबद्दल वाचलं म्हणून थांबून लिहिते आहे, कृपया हे सगळ्यांनी वाचा.

पानाच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब मुलं खेळता खेळता दाबतात, ती फुटते आणि चुना सरळ डोळ्यात उडतो. आम्ल डोळ्यात गेलं तर वरच्या थरातली प्रथिनं घट्ट होतात आणि ते थोडंफार तिथेच अडतं. चुना तसा अडत नाही, आत शिरत राहतो. बुबुळ पांढुरकं होऊन नजर कायमची जाऊ शकते. लहान मुलं येतात, दोन-तीन वर्षांचीसुद्धा.

असं झालं तर त्याच जागी, त्याच क्षणी नळाखाली किंवा तांब्याने स्वच्छ पाणी डोळ्यावर सोडत राहा. पापण्या बोटांनी उघडून धरा, मूल रडलं तरी थांबू नका. किमान पंधरा ते वीस मिनिटं. पापणीच्या आत चुन्याचे कण अडकलेले असतात, ते ओल्या कापसाने किंवा स्वच्छ कापडाच्या टोकाने अलगद काढा. दूध, तूप, लिंबू, मध काहीही घालू नका. आंबट घालून चुना मारायचा विचार तर मुळीच नको, त्याने डोळ्याला आणखी इजा होते. धुवून झाल्यावर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, दुखणं थांबलं असलं तरी. आधी दवाखाना शोधायला धावू नका, आधी पाणी.

बाई, तुम्ही पापडखार सुचवलात ते योग्यच केलंत. तरी पापडखार, भाजलेला सोडा आणि धुण्याचा सोडा यांचं पाणीही डोळ्याला वाईटच. मुलांना साधा चष्मा घालायला द्या. प्रयोगाचा चष्मा नसला तर गाडीवर घालायचा पारदर्शक गॉगल चालतो.

रंकाळ्याच्या बाई (निवृत्त, रसायनशास्त्र)

सिस्टर, तुमचं उत्तर मी उतरवून घेतलं आहे, आमच्या गल्लीतल्या पानपट्टीवाल्यालाही वाचून दाखवणार आहे.

ताई, लेकीच्या प्रश्नांनी माझा दिवस सार्थकी लागला. आधी लिंबाचं. कर्क्युमिनच्या रेणूत हायड्रोजनचे काही अणू सैल असतात. आम्लारी ते काढून घेते, मग तो रेणू प्रकाश वेगळ्या तऱ्हेने शोषतो आणि आपल्याला लाल दिसतो. लिंबाने ते अणू परत मिळतात, रेणू होता तसा होतो आणि पट्टी पिवळी. लाल कुठे गेलं असं तिने विचारलं, तर सांगा की पदार्थ तोच राहिला, फक्त एक लहानसा तुकडा गेला आणि परत आला.

पण हे परत येणं ताज्या पट्टीवरच होतं. आम्लारीत कर्क्युमिन टिकत नाही, काही मिनिटांतच त्याचा रेणू तुटायला लागतो, आणि तुटलेले तुकडे जोडून लिंबू पुन्हा हळद करू शकत नाही. संध्याकाळची मळकट तपकिरी ती हीच. तिला संध्याकाळच्या पट्टीवर लिंबू पिळून पाहू द्या, आधीइतकी पिवळी होणार नाही. उलटणारा बदल आणि न उलटणारा बदल, दोन्ही एकाच पट्टीवर तिला मिळाले. मोठ्या वर्गातल्या मुलांना मी हे शिकवताना घाम गाळलेला आहे.

म्हणून लाल पट्ट्या जपून नेऊ नका. कोऱ्या पिवळ्या पट्ट्या न्या, त्या वहीच्या पानांत अंधारात ठेवा, कारण उन्हातही हळदीचा रंग उडतो. लाल वर्गातच करा. आणि मुलांना एक गंमत द्या: पापडखाराच्या पाण्यात कापसाची काडी बुडवून पांढऱ्या कागदावर नाव लिहायचं, वाळू द्यायचं, वरून हळदीचं पाणी ब्रशने फिरवायचं. पिवळ्यावर लाल अक्षरं उमटतात.

आता सासूबाईंचा प्रश्न. त्यांची आठवण पक्की आहे आणि प्रश्न फार खोल आहे. त्यांना विचारा, लिंबाबरोबर टाकणखार घालत होते का. पारंपरिक कुंकवाच्या पद्धतीत हळकुंडांना लिंबाच्या रसाबरोबर टाकणखार आणि तुरटी लागते. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, त्यात बोरॉन असतो. आम्लाच्या संगतीत बोरॉन कर्क्युमिनला पकडतो आणि वाळताना एक निराळाच लाल पदार्थ तयार होतो. आम्लारीतल्या लालाशी त्याचा संबंध नाही. बोरिक आम्ल ओळखायला प्रयोगशाळेत हळदीचाच कागद वापरत आले आहेत: आम्लात भिजवून वाळवला की तांबडा-तपकिरी होतो आणि त्यावर अमोनिया टाकला की हिरवट काळा. चुना घालून केलेलं कुंकू ही दुसरी रीत, तिथे मात्र आपल्या पट्टीचंच कारण. म्हणजे हळदीपासून लाल मिळवायच्या दोन वाटा आपल्या आज्यांना ठाऊक होत्या, आणि दोन्हींमागचं रसायन वेगळं आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या केम गावचं कुंकू प्रसिद्ध आहे, तिकडे कुणी नात्यातलं असेल तर मुलीने जाऊन बघावं असं मला फार वाटतं. टाकणखाराचा प्रयोग घरी करू नका, तो पोटात जाणं चांगलं नाही. सासूबाईंकडून कृती विचारून मुलीने वहीत लिहून घ्यावी, तेवढं पुरे. आणि वर्गात ती सासूबाईंच्या नावानेच सांगावी.

गुऱ्हाळवाले दादा, तुमच्या गुळव्याला माझा नमस्कार सांगा. ही मुलगी आली तर तिला चुना घालण्याआधीचा आणि नंतरचा रस वेगवेगळ्या वाटीत द्याल का? गार करून, जास्वंदीच्या पाण्याचे सारखेच थेंब दोन्हींत टाकायचे. उसाच्या रसाला स्वतःचा रंग असतो, म्हणून रसात तेवढंच साधं पाणी मिसळावं आणि मागे पांढरा कागद धरावा. हळदीची पट्टी तिथे काहीच सांगणार नाही, कारण निवळी घातल्यावरही रस आम्लाकडेच राहतो. नंतर मुलीने तुमच्या गुळव्याला विचारावं की त्यांनी "आता पुरे" कशावरून म्हटलं, आणि दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लिहावीत.

राजारामपुरीची आई

बाई, सासूबाईंना विचारलं. टाकणखार आणि तुरटी दोन्ही असायचं, त्या लगेच म्हणाल्या. आता त्या आणि नात दोघी वही घेऊन बसल्यात, मापं "शेर" आणि "चिमूट" मध्ये येतायत आणि नात त्याचे ग्रॅम करतेय. सिस्टर, चष्मा आजच आणते. दादा, शनिवारी शाळा सकाळची आहे, दुपारनंतर आलो तर काहिल चालू असेल का? वर्गातल्या आणखी चार मुली येतो म्हणतायत.

पंचगंगाकाठचा गुऱ्हाळवाला

असंल की. दुपारी तीनच्या सुमाराला दुसरं आधण चढतंय, त्याच्या आधी पोचा, म्हंजे चुना घालायच्या आधीचा रस मिळंल. पोरींना पायात बंद बूट घालाय सांगा, चिपाडाचं कूस पायात घुसतंय. चुलवाणाच्या बाजूला कुणी जायाचं न्हाई, काहिलीपास्नं दहा हात लांब उभं करीन. निवळी गुळव्याच घालणार, पोरींनी हात लावायचा न्हाई. वाट्या आणि पांढरा कागद तुमी आणा, जास्वंद आमच्या दारात हाय.